चारशे बारा नंबरचा जबडा

कवळीवाल्यांची बायको मागच्या खोलीत झोपायला गेली त्याला चार महिने झाले होते. उशी काखेत मारून जाताना ती एवढंच म्हणाली होती, “मला इथे झोप लागत नाही.” त्यावर कवळीवाले म्हणाले, “बरं.” सत्तावीस वर्षांच्या संसारातली बायको उठून दुसऱ्या खोलीत जाते आणि नवरा म्हणतो, बरं! ही हकीकत ते आता स्वतःच सांगतात, आणि या ‘बरं’पाशी आले की दर वेळी कपाळावर हात मारून घेतात. “घराला आग लागली तरी मी म्हणालो असतो, चला, थंडीचे दिवस आहेत, बरंच झालं.”

कारणं त्यांनी आपल्या आपणच लावली होती. पंख्याचा आवाज होत असेल, तिचे गुडघे दुखत असतील, मागच्या खोलीत हवा जास्त येत असेल. खरं कारण तिलाच विचारावं हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, पण विचारलं तर ती सांगेल, या भीतीने तसंच परत गेलं. तिने परत यावं असं त्यांना फार वाटे. सकाळी शेजारची रिकामी जागा बघितली की ते तिच्या बाजूची चादर हाताने सारखी करत. आणि मग ते तिला जाऊन विचारत, “चहा झाला का?”

त्यांचं काम कवळ्या करण्याचं, म्हणून गल्लीत सगळे कवळीवाले म्हणत. एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांची लॅब होती, तिथे ते पगारावर होते. दातांचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घेऊन डबीतून पाठवत, त्या मापात प्लॅस्टर ओतून कवळीवाले हुबेहूब जबडा काढत, आणि त्यावर कवळी, टोपी, पट्टी, जे हवं ते बसवत. एकोणतीस वर्षं हेच चाललं होतं. प्लॅस्टरच्या धुळीने त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असत. त्यामुळे त्या खरोखर पांढऱ्या कधी झाल्या हे त्यांनाही कळलं नाही.

जबडा बघून माणूस ओळखायचा हा त्यांचा दिमाख होता. डबीवर नाव नसे, फक्त नंबर असे. तेवढ्यावर कवळीवाले सांगत, हा डाव्या बाजूने चावतो, ही बाई टाचण्या दातात धरते म्हणजे शिवणकाम करत असणार, हे गृहस्थ चिडके आहेत पण घराबाहेर नाही. शेजारचा चावीवाला चहाच्या वेळी मुद्दाम जबडे पुढे करी आणि कवळीवाले भविष्य सांगावं तसे सांगत. सगळ्या गावाचे दात त्यांनी वाचले होते. स्वतःच्या तोंडात बत्तीसपैकी किती शिल्लक आहेत असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना जीभ फिरवून मोजावं लागलं असतं.

आता दुखणं कशाचं होतं ते सांगायला हवं. कवळीवाल्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून तर ही गोष्ट घडली. मालक मशीन घेणार होते. तोंडात कॅमेरा फिरवायचा, मशीनमध्ये ठोकळा ठेवायचा, आणि तासाभरात दात कोरून बाहेर. माप नको, प्लॅस्टर नको, आणि अर्थात प्लॅस्टरवाला नको. मालक एकदा जाता जाता म्हणाले होते, “बघू, तुम्हालाही कुठेतरी सामावून घेऊ.” या ‘कुठेतरी’ने कवळीवाल्यांची झोप उडवली. वय बावन्न. मशीनसमोर कुणी बसवेल का? आपल्याला ते जमेल का? मालकांना नीट विचारावं, तर ते म्हणतील, बरं झालं तुम्हीच विषय काढलात. त्यापेक्षा न विचारलेलं बरं. मूग गिळून बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

शरीर मात्र गप्प बसेना. सकाळी कानशिलं ठणकत. उजव्या कानात सतत कुणीतरी सुतारकाम करतंय असं वाटे. कवळीवाल्यांनी उशी बदलली, मग चष्मा बदलला, मग पुन्हा जुनी उशी आणली. केस कापणाऱ्याने गालावर हात ठेवून विचारलं, “इथे काय लाकूड भरलंय का हो?” तेव्हा त्यांनी ती तारीफ समजून मान ताठ केली. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कान बघितला, तो धडधाकट निघाला, आणि त्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

या डॉक्टरीणबाई कवळीवाल्यांच्याच गिऱ्हाईक, म्हणजे त्यांचं सगळं काम याच लॅबकडे येई. वयाने मुलीएवढ्या, पण बोलायला फटकळ. त्यांनी तोंडात बत्ती फिरवली, गालाचे स्नायू दाबले, दोन्ही जबड्यांची मापं घेतली आणि म्हणाल्या, “बघू, सांगते.” कवळीवाल्यांना वाटलं, नोंदीसाठी घेतली असतील. स्वतः आयुष्यभर मापांचेच जबडे केलेल्या माणसाला, आपलं माप कशासाठी घेतलं हा प्रश्न पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आठवड्याने नेहमीच्या खोक्यातून बाईंचं काम आलं. त्यात चारशे बारा नंबर होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पुरुष, पन्नाशी पार, नाइट गार्ड.’ झोपेत दात खाणाऱ्यांसाठी दातांवर चढवायची ही पारदर्शक टोपी. कवळीवाल्यांनी प्लॅस्टर ओतलं, सुकल्यावर जबडा हातात घेतला आणि म्हणाले, “अरे अरे अरे.”

चावीवाला चहा घेऊन आलाच होता. “काय झालं?”

“हे बघ. सुळे होते कुठे आणि राहिले कुठे. घासून सपाट. दाढांवरचे उंचवटे गेले, खाली पाटा उरलाय. हा माणूस झोपत नाही, दळतो.”

“चिडका असेल.”

“चिडका असता तर बरं होतं. चिडका माणूस दिवसा कुणावर तरी ओरडून मोकळा होतो. हा दिवसा ‘मजेत, मजेत’ म्हणत असणार.” कवळीवाल्यांनी जबडा उजेडाकडे फिरवला. “आणि खालची डावी दाढ नाही. बिचारा. माझीही तीच गेली आहे.”

इतकं बोलूनही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट त्या अनोळखी माणसाबद्दल त्यांना अशी माया दाटून आली की त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“बाई, तो चारशे बारा कोण आहे हो?”

पलीकडून बाईंनीच विचारलं, “का?”

“नाही, गार्ड मी करतो, पण नुसत्या गार्डने याचं काही व्हायचं नाही. हा माणूस आतून फार घाबरलेला आहे. याच्या घरी कुणी नाही का याला विचारणारं? बायको वगैरे?”

“बायको आहे.”

“मग तिला सांगा काहीतरी! आणि त्यालाही चार शब्द सुनवा. म्हणावं, गड्या, दगड नाहीस तू. म्हणावं, बोल कुणाशी तरी. हे असले लोक ना बाई, तोंड उघडत नाहीत, आणि मग एक दिवस…”

“हे तुम्हीच सांगा त्याला,” बाई म्हणाल्या. “परवा संध्याकाळी सहाला गार्ड घेऊन स्वतः या. तोही येणार आहे.”

त्या गार्डवर कवळीवाल्यांनी दोन दिवस जीव ओतला. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ घासून, पॉलिश करून, कडा गोल करून, तो डबीत घालून ते पावणेसहालाच दवाखान्यात हजर झाले. बाहेरच्या बाकावर पाच जण होते. कवळीवाले एकेकाच्या गालाकडे बघत बसले. तो जाड मिशीवाला असेल का? की तो टाय लावलेला, सारखा पाय हलवणारा? त्याला काय सांगायचं याची मनात त्यांनी तयारीही केली होती. सुरुवात ‘हे बघा, वयाने मी तुमच्याएवढाच’ अशी करायची होती. एकेक जण आत जाऊन बाहेर आला, निघून गेला. बाक रिकामा झाला. बाईंनी दारातून डोकं बाहेर काढलं.

“या.”

“तो आलाच नाही,” कवळीवाले म्हणाले. “मला वाटलंच होतं. असली माणसं ऐनवेळी दांडी मारतात.”

“खुर्चीत बसा.”

“मी कशाला?”

“बसा हो. आ करा.”

बाईंनी डबीतला गार्ड काढला आणि त्यांच्या वरच्या दातांवर चढवला. बारीक टक् असा आवाज झाला आणि तो बसला. ना कुठे टोचला, ना कुठे हलला. एकोणतीस वर्षांत इतका चपखल गार्ड कवळीवाल्यांच्या हातून झाला नव्हता. त्यांचं पहिलं तोंडभर हसू कारागिराचं होतं, हे ते कबूल करतात. दुसऱ्या क्षणाला ते मावळलं.

तोंड उघडं, त्यात गार्ड, डोक्यावर दिवा. अशा अवस्थेत त्यांना आपलं फोनवरचं सगळं भाषण आठवलं. आतून फार घाबरलेला आहे. घरी कुणी नाही का विचारणारं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण डॉक्टरच्या खुर्चीत डोळे मिटून कुणी लपत नाही.

“नाव घातलं असतं,” बाई हात धुता धुता म्हणाल्या, “तर तुम्ही म्हणाला असतात, याला काही झालेलं नाही, कान दुखतोय नुसता. म्हणून नंबर घातला. तुम्ही बोललात त्यात मला एका शब्दाचीही भर घालायची नाही.”

मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, आणि ते सुटे आहेत ना हे अधूनमधून बघायचं. संध्याकाळी अर्धा तास पाय मोकळे करायचे. आणि मनात जे चाललंय ते माणसाशी बोलायचं. “गार्ड दात वाचवेल,” त्या म्हणाल्या. “पण दात का खाता ते तुमचं तुम्हाला बघायला हवं. घरी बोला. आणि बोलूनही रात्र जड जात असेल तर मला सांगा, एका समुपदेशकांचा नंबर देते. त्यात कमीपणा काही नाही.”

कवळीवाले घरी निघाले ते मात्र शीळ घालत. कारण एवढ्या सगळ्यातून त्यांनी उचललं ते हेच, की बायको का गेली ते कळलं! आपण दात खातो. त्या करकरीने बिचारीची झोपमोड होत असणार. आता गार्ड आहे. आवाज बंद, म्हणजे बायको परत. तिसऱ्या गोष्टीची गरजच काय?

पहिल्या दोन गोष्टी त्यांनी जिद्दीने केल्या. कामाच्या टेबलावर तांबड्या मेणाचा ठिपका चिकटवला. तो दिसला की दात सुटे करायचे. पहिल्या दिवशी सुटे करायला म्हणून बघितलं, तर सतरापैकी सतरा वेळा ते आवळलेलेच सापडले. संध्याकाळी चालायला लागले, ते असे की वाटेतल्या ओळखीच्यांनी विचारलं, “कुणी गेलं का?” कुणीतरी सांगितलं म्हणून चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत सोडायचा असंही करून बघितलं, पण आकडे चुकू नयेत म्हणून ते इतके दात आवळून मोजत की कान पुन्हा ठणकायला लागला. तरी एक सांगायला हवं. दोन आठवड्यांत कानातला सुतार निम्मा थंडावला. चालणंही हळूहळू माणसासारखं झालं. रस्त्याच्या कडेला झाडं आहेत हे त्यांना एकोणतीस वर्षांनी दिसलं.

बायको मात्र परत आली नाही.

त्यांनी गार्डची डबी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर, तिच्या ताटाशेजारी ठेवली. तिने विचारलं, “हे काय?”

“गार्ड. आता मी झोपेत दात खात नाही.”

“छान झालं,” ती म्हणाली, आणि जेवण उरकून मागच्या खोलीत गेली.

आता मात्र कवळीवाले हबकले. म्हणजे दात नव्हेत. म्हणजे दुसरं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी चावीवाल्याकडे बघितलं. वीस वर्षं हा माणूस रोज समोर बसत होता. राजकारण, हवापाणी, गुडघे, सगळं झालं होतं. त्याच्या आयुष्यात काय चाललंय हे मात्र कवळीवाल्यांना माहीत नव्हतं.

“एक विचारू?” कवळीवाले म्हणाले. “तुला कधी फार घाबरायला झालं, तर तू काय करतोस?”

चावीवाल्याने कप खाली ठेवला. रस्त्याकडे बघितलं. “शटर खाली ओढतो आणि आत बसून रडतो,” तो म्हणाला. “दहा मिनिटं. मग तोंड धुतो, शटर वर.”

“तू?”

“मुलगा गेल्या वर्षी घर सोडून गेला, तेव्हापासून. आधी रोज व्हायचं. आता सोमवारी-मंगळवारी.”

“अरे, मी भिंतीपलीकडे असतो! मला वाटायचं तू माल मोजतोस.”

“मलाही वाटायचं तुझं सगळं मजेत आहे,” चावीवाला म्हणाला. “पुढच्या वेळी भिंतीवर थाप मारू का?”

“मार,” कवळीवाले म्हणाले. आणि मग त्यांनी मशीनची गोष्ट सांगून टाकली. पहिल्यांदाच. सांगताना चहा गार झाला, पण आभाळ कोसळलं नाही. चावीवाल्याने काही सल्ला दिला नाही. तो फक्त म्हणाला, “वहिनींना माहीत आहे?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगत बसलायस?”

रविवारी दुपारी बायकोने मोठ्या चादरी धुतल्या. त्या वाळल्यावर घड्या घालायला दोन माणसं लागतात, म्हणून तिने हाक मारली. तिच्या हातात दोन टोकं, यांच्या हातात दोन टोकं, मध्ये चादर ताणलेली. कवळीवाल्यांच्या लक्षात आलं की इथून पळता येत नाही. टोकं सोडली तर चादर मातीत पडेल आणि मग वेगळीच कटकट होईल.

“अगं,” ते म्हणाले.

“ओढा जरा.”

त्यांनी ओढली. “मालक मशीन घेताहेत. दात करणारं. माझं काम जाईल बहुतेक. पाच महिने झाले, मी कुणाला बोललो नाही. मला फार भीती वाटते गं.”

चादरीच्या पलीकडे बायकोने आपली टोकं तशीच धरून ठेवली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं? चावीवाल्याने?”

“तुम्हीच सांगितलंत. रोज सांगता, झोपेत. ‘साहेब, मी शिकेन’ म्हणता. ‘साहेब, मला बसून तर बघू द्या’ म्हणता. अगदी काकुळतीला येऊन. गार्ड घातल्यापासून शब्द नीट कळत नाहीत. परवा पाणी प्यायला उठले, तर ‘हायेब, हायेब’ चाललं होतं.”

कवळीवाल्यांना हसावं की रडावं कळेना. “म्हणून तू त्या खोलीत गेलीस? बडबडीने झोप लागेना म्हणून?”

“बडबडीचं काय हो! लग्न झाल्यापासून दात खाताय तुम्ही. पहिल्या वर्षी सांगितलं, तर म्हणालात घरात उंदीर झालाय, आणि पिंजरा लावलात. त्याने मी गेले का कधी?” तिने चादर ताणली. “तुम्ही मला न सांगितलेलं मी रोज ऐकत होते. कुणाचं पत्र चोरून वाचावं तसं वाटायचं मला. सकाळी तुम्ही म्हणायचात ‘सगळं ठीक’, आणि मी चहा गाळत असायचे. सहन होईना. म्हटलं, जागेपणी सांगतील तेव्हा ऐकू.”

चार महिने कवळीवाल्यांनी पंख्याला, गुडघ्यांना, करकरीला दोष दिला होता. जबडा बघून माणूस ओळखणारा हा जाणकार! बायको पलीकडच्या खोलीत त्यांच्या एका वाक्याची वाट बघत जागी होती, आणि ते तिला रोज चहा झाला का विचारत होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीला थोडा वेळ जागाच उरली नाही.

“मग मालक काय म्हणाले?” तिने विचारलं. “झोपेत तुम्ही फक्त विनवता. ते काय म्हणाले ते कधी सांगत नाही.”

“कारण मी अजून विचारलंच नाही,” कवळीवाले म्हणाले.

“पाच महिने?”

“पाच महिने.”

ती हसली. खूप दिवसांनी, मोठ्याने हसली, आणि हसता हसताच डोळे पुसायला म्हणून तिने दोन्ही हात उचलले तशी चादरीची तिची दोन्ही टोकं सुटली. दोघांनी खाली पडलेल्या चादरीकडे बघितलं. कुणीच ती उचलली नाही.

“उद्या विचारते हो तुमच्याबरोबर येऊन, असं म्हणणार नाही मी,” ती म्हणाली. “तुमचं तुम्हीच विचारा. पण येऊन मला सांगा.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“तर दोघं घाबरू,” बायको म्हणाली. “एकट्याने किती घाबरायचं माणसानं!”